निरोगी माणसाची फुप्फुसं आणि रक्तातला मंद दाह

श्वासनोंद

नमस्कार मंडळी. फुप्फुसांची तपासणी होते त्या विभागात मी तंत्रज्ञ आहे. लोकांना नळीत फुंकायला लावायचं आणि पडद्यावर उमटणारा आलेख बघायचा, हे माझं रोजचं काम. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना दमा, जुना खोकला, धाप असं काहीतरी असतं. पण काही जण शस्त्रक्रियेआधी किंवा नोकरीसाठी तपासणी हवी म्हणून येतात आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. अशा ठणठणीत लोकांच्या आकड्यांतही भरपूर फरक दिसतो. वय तेच, उंची तीच, सिगारेटला दोघांनीही कधी हात लावलेला नाही. तरी एकाची क्षमता अपेक्षेच्या ११० टक्के, तर दुसऱ्याची ८५. दोन्ही अहवालांवर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी दोन आकडे समजून घेऊ. पूर्ण श्वास भरून जोर लावून शेवटपर्यंत सोडला की जेवढी हवा बाहेर पडते ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या एका सेकंदात जेवढी पडते ती एफईव्ही-१. हे मोजणारं यंत्र, स्पायरोमीटर, लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लोकांपुढे ठेवलं. खलाशी, पोलीस, अग्निशामक दलातले लोक, मल्ल अशा दोन हजारांहून अधिक जणांना त्यांनी फुंकायला लावलं. उंचीबरोबर ही क्षमता वाढते आणि वयाबरोबर घटते, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं. आयुर्विम्यासाठी याचा उपयोग होईल असंही त्यांना वाटत होतं. पहिल्या सेकंदाचं माप मात्र बरंच नंतरचं, १९४७ मधलं. ते फ्रान्समधल्या टिफनो आणि पिनेली यांचं.

विम्याबद्दलचा हचिन्सन यांचा अंदाज किती योग्य होता, ते सव्वाशेहून जास्त वर्षांनी कळलं. हृदयविकाराच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम प्रकल्पातून १९८३ मध्ये पुढे आलं की श्वासाची क्षमता कमी असलेल्यांना हृदयरोगाचा धोका जास्त असतो. स्कॉटलंडमध्ये रेनफ्रू आणि पेझली या गावांतल्या ४५ ते ६४ वयाच्या सुमारे १५ हजार स्त्री-पुरुषांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. एफईव्ही-१ च्या तळाच्या पंचमांशात असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण वरच्या पंचमांशाच्या जवळजवळ दुप्पट होतं. आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांतही हा कल दिसला, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. ‘फुप्फुसं खराब म्हणजे सिगारेट, आणि सिगारेट म्हणजे हृदयरोग’ एवढ्यावर ही गोष्ट भागत नाही.

मग फुप्फुस आणि हृदय यांना जोडणारं मधलं काय? त्याच्या उत्तरात गेली वीस-पंचवीस वर्षं एक नाव पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे मंद दाह. ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही; फक्त रक्तात दाहाची रसायनं नेहमीपेक्षा थोडी जास्त, आणि तीही वर्षानुवर्षं. त्यातलं सगळ्यात जास्त मोजलं जाणारं म्हणजे सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन). न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात १९३० मध्ये ते सापडलं. ते यकृत बनवतं, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या निरोप्याच्या हुकुमावरून. साध्या तपासणीत मोठा संसर्ग कळतो. लिटरमागे १, २, ३ मिलिग्रॅम अशा बारीक पातळ्या नीट मोजायला ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे एचएस-सीआरपी लागते.

आता मूळ मुद्दा. ज्यांना फुप्फुसांचा कोणताही आजार नाही अशा हजारावर प्रौढांचा एक अभ्यास इस्रायलमध्ये २००६ साली झाला. सीआरपी जितकं जास्त, तितका एफईव्ही-१ कमी असं त्यात आढळलं. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार जणांचा जन्मापासून मागोवा घेतला जातो आहे. त्यांच्यातही वयाच्या २६ व्या आणि ३२ व्या वर्षी हेच नातं दिसलं, आणि धूम्रपान, दमा, लठ्ठपणा यांचा हिशेब करूनही ते उरलं. या वयात ना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असतो ना हृदयविकार. म्हणजे आजार आला आणि त्याने दाह वाढवला, असा क्रम इथे लागत नाही. नातं आजाराच्या कितीतरी आधीपासून असतं.

हे नातं आहे याबद्दल मला शंका नाही. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर बोलू या.

पाऊलवाट

छान धागा. एक प्राथमिक शंका: फुप्फुसांचा रक्तातल्या दाहाशी संबंध येतोच कसा? फुप्फुसाचं काम हवा आत-बाहेर करण्याचं ना?

श्वासनोंद

@पाऊलवाट, हवा आत-बाहेर करताना फुप्फुसाला काय काय झेलावं लागतं ते बघा. दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत जाते. ती जिथे पोचते त्या कोट्यवधी वायुकोशांचं एकूण क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या आसपास भरतं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तिथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूतून निघालेलं सगळंच्या सगळं रक्त इथून जातं. बाहेरच्या जगाशी रक्ताची एवढी मोठी गाठभेट शरीरात दुसरीकडे होत नाही.

वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. धुराचा कण आला की त्या तो गिळतात आणि इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं सोडतात. त्यातली काही रक्तात झिरपतात, यकृताला निरोप जातो आणि सीआरपी, तसंच रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं. १९९७ मध्ये आग्नेय आशियात जंगलांच्या आगींचा धूर पसरला होता, तेव्हा सिंगापूरमधल्या निरोगी तरुणांचं रक्त तपासलं गेलं. धुराच्या दिवसांत त्यांच्या रक्तात ही रसायनं वाढलेली होती आणि हवा निवळल्यावर ती उतरली.

आकडेमोड

लेख आवडला, पण संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी खळखळ करतो.

पहिली गोष्ट, नातं आहे म्हणताना ते केवढं आहे हेही सांगायला हवं. हजार लोकांच्या सरासरीत दिसणारा हा फरक अगदी लहान असतो. सीआरपी बघून कुणाची फुप्फुसं कशी आहेत हे सांगता येत नाही आणि फुप्फुसांवरून सीआरपी सांगता येत नाही. ठिपक्यांचा आलेख काढला तर ढगच दिसेल, फक्त जरासा कललेला.

दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे पोट. पोटाच्या चरबीतून इंटरल्यूकिन-६ थेट रक्तात जातं, त्यामुळे सीआरपी वाढतं. तीच चरबी श्वासपटलाला खाली सरकू देत नाही, त्यामुळे श्वास पूर्ण भरत नाही आणि एफव्हीसी घटते. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत. फुप्फुस आणि दाह यांची एकमेकांशी ओळखही नसली तरी आकडे त्यांना नातेवाईक ठरवतील. ‘लठ्ठपणाचा हिशेब केला’ असं अभ्यासांत लिहिलेलं असतं, पण तो बहुधा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, वापरून केलेला असतो. बीएमआयला पोट आणि खांदे यांतला फरक कळत नाही. हिशेब अर्धवट झाला की उरलेलं पोट ‘दाह’ या नावाने निकालात डोकावतं.

श्वासनोंद

@आकडेमोड, ही खळखळ हवीच होती. पोटाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्याला बळ देणारी आणखी एक गोष्ट माझ्याकडून. निरोगी लोकांच्या अनेक अभ्यासांत सीआरपीबरोबर एफईव्ही-१ आणि एफव्हीसी दोन्ही जवळपास सारख्याच खाली येतात. त्यांचं गुणोत्तर फारसं हलत नाही. श्वासनलिका अरुंद झाल्या असत्या तर पहिल्या सेकंदाची हवा जास्त घटली असती आणि गुणोत्तर पडलं असतं. दोन्ही बरोबरीने घटणं म्हणजे फुप्फुसात हवाच कमी मावते आहे. पोट वर दाबतं आहे किंवा फुप्फुसं मुळातच लहान राहिली आहेत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

पण उलट बाजूही मांडते. चरबी दाह निर्माण करते आणि तो दाह फुप्फुसाचं नुकसान करतो, अशी साखळी खरी असेल तर? मग चरबीचा हिशेब करून तिला गणितातून वजा करणं म्हणजे जे शोधायचं तेच पुसून टाकणं होईल. हिशेब कमी केला तर नातं फुगतं आणि जास्त केला तर हरवतं. एका वेळच्या मोजमापातून यावर निकाल लागणार नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजायला हवीत.

मोरपीस

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. पुन्हा पुन्हा मोजलेल्या अभ्यासांबद्दल थोडं लिहितो, कारण त्यांचे निकाल एकसारखे नाहीत आणि हे नीट सांगितलं जात नाही.

निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचा एफईव्ही-१ विशीच्या पहिल्या अर्ध्यात शिखरावर पोचतो, काही वर्षं तिथे रेंगाळतो आणि मग वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने उतरत जातो. हा उतार सगळ्यांनाच असतो. प्रश्न एवढाच, की ज्यांचं सीआरपी जास्त त्यांचा उतार जास्त तीव्र असतो का?

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या तरुणांचा २० ते २९ या वयात मागोवा घेतला गेला. सुरुवातीला सीआरपी जास्त असलेल्यांची घसरण जास्त झाली. अमेरिकेत कार्डिया नावाचा मोठा अभ्यास १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या लोकांवर सुरू झाला. तरुणपणी फायब्रिनोजेन आणि सीआरपी जास्त असलेल्यांनी मध्यम वयापर्यंत फुप्फुसांची क्षमता जास्त गमावली, असं तिथेही दिसलं. पण इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या अभ्यासात नऊ वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. एका वेळच्या मोजमापात सीआरपी जास्त असलेल्यांची फुप्फुसं कमी भरली, पण पुढच्या नऊ वर्षांतल्या घसरणीशी सुरुवातीच्या सीआरपीचा संबंध लागला नाही. नॉटिंगहॅमची माणसं वयाने मोठी होती. त्यामुळे दाहाचा परिणाम तरुणपणातच होऊन जातो आणि नंतर फक्त त्याची खूण उरते, असं वाचन शक्य आहे. हे माझं मत समजा, सिद्ध झालेलं नाही.

जनुकांच्या बाजूचा पुरावा मात्र बराच स्पष्ट आहे. काही माणसांत जन्मतःच सीआरपी थोडं जास्त बनतं. सीआरपी स्वतः फुप्फुसाला मारक असतं तर या लोकांत सीओपीडी जास्त दिसायला हवा होता. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांवर हे तपासलं गेलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष आला: रक्तातलं सीआरपी जास्त असलेल्यांत सीओपीडी जास्त, पण जनुकांमुळे सीआरपी जास्त असलेल्यांत तो जास्त नाही. म्हणजे सीआरपी दोषी नाही. ते धुरासारखं आहे. कुठेतरी आग आहे एवढं सांगतं, ती कुठे लागली ते सांगत नाही.

सांजसावली

सगळं वाचते आहे, बरंच नवीन कळतंय. मी ३४ वर्षांची आहे, काही त्रास नाही, कधी धूम्रपान नाही. वार्षिक तपासणीत एचएस-सीआरपी ०.४२ आलं. इंटरनेटवर बघितलं तर १ पेक्षा कमी म्हणजे उत्तम, म्हणून खूश होते. मग मैत्रिणीच्या अहवालात १.१ दिसलं, पण तिचं एकक वेगळं होतं. आता गोंधळ झाला आहे. माझ्या अहवालात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलं आहे.

श्वासनोंद

@सांजसावली, एकक बघितलंत ते फार चांगलं केलंत. बहुतेक जण बघत नाहीत. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, त्यामुळे तुमचं ०.४२ म्हणजे लिटरमागे ४.२ मिलिग्रॅम. हृदयरोगाच्या धोक्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये ज्या पायऱ्या ठरल्या त्या लिटरच्या हिशेबात आहेत: १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ च्या वर. १० च्या वर गेलं तर तो मंद दाह न मानता संसर्ग किंवा दुसरं काही शोधायचं असतं.

पण यावरून लगेच काळजीत पडू नका. एका मोजणीवर कधीच विसंबायचं नसतं. सर्दी, दाताचं दुखणं, जोरदार व्यायाम, लसीकरण, कशानेही हा आकडा काही दिवस वर जातो. सीआरपीचं रक्तातलं अर्धायुष्य जेमतेम १९ तासांचं आहे, त्यामुळे कारण गेलं की ते लवकर उतरतं. तब्येत पूर्ण बरी असताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढावी, अशीच शिफारस आहे.

एक खासगी प्रश्न, इथे उत्तर नाही दिलंत तरी चालेल: संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का? तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना सीआरपी वाढवतं, आणि त्या वाढीमागे दाह असतोच असं नाही.

सांजसावली

हो, चालू आहेत. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार. पुन्हा तपासणी करून डॉक्टरांशी बोलते.

मोरपीस

@सांजसावली, बोला नक्की, आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

या उदाहरणाला जोडून सांगतो. बायकांची सीआरपी पातळी पुरुषांपेक्षा सरासरी थोडी जास्त असते, आणि गोळ्यांमुळे येणारी वाढ वेगळी. फुप्फुस-दाह नात्यावरचा कुठलाही अभ्यास वाचताना यांचा हिशेब केला आहे का हे बघावं. हिरड्यांचा आजार, झोपेत श्वास अडकणं, पूर्वी सोडलेलं धूम्रपान (त्याची सीआरपीवरची छाया बरीच वर्षं राहते) यांचंही तसंच. ‘निरोगी’ या शिक्क्याखाली बरंच काही दडलेलं असतं.

वाटसरू

माझा प्रश्न सरळ आहे. सीआरपी दोषी नाही हे समजलं. पण दाह दोषी असेल ना? मग दाह कमी करणारं औषध घेतलं तर फुप्फुसं टिकतील का? स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी, सीआरपी कमी होतं असं वाचलं आहे.

मोरपीस

@वाटसरू, स्टॅटिनने सीआरपी कमी होतं, हे खरं आहे. पण फुप्फुसांच्या बाबतीत अनुभव निराशेचा आहे. सीओपीडीच्या रुग्णांवर सिमव्हास्टॅटिनची मोठी चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आला. आजार अचानक बळावण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

दाहावर नेमका नेम धरणारी कॅनाकिनुमॅबची चाचणी २०१७ ची. सीआरपी वाढलेल्या हृदयरुग्णांत या औषधाने कोलेस्टेरॉल न हलवता हृदयविकाराचे झटके थोडे कमी केले. मंद दाहाचा हात असतो याचा तो चांगला पुरावा मानला जातो. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्गही वाढले. दाह हा शरीराचा पहारा आहे, तो उठवला की चोरांनाही वाट मोकळी होते. निरोगी माणसाने फुप्फुसं जपायला म्हणून दाहशामक औषध घ्यावं, असं सांगणारा पुरावा आज माझ्या समोर नाही. वेदनाशामक गोळ्या तर या कारणासाठी मुळीच घेऊ नयेत; त्यांनी पोट आणि मूत्रपिंडं बिघडतील.

जिज्ञासू

रक्तातला दाह मोजण्यापेक्षा थेट फुप्फुसातला का मोजत नाहीत? श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी असते असं ऐकलं आहे.

श्वासनोंद

@जिज्ञासू, असते, आमच्याकडेही होते. पण ती मुख्यतः ॲलर्जीच्या प्रकारचा, इओसिनोफिल पेशींचा दाह दाखवते, दम्यासाठी उपयोगी. धूर, चरबी यांच्याशी जोडला जाणारा दाह वेगळ्या पेशींचा असतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत तर हा आकडा उलट कमी येतो. थुंकीतल्या पेशी मोजता येतात, पण निरोगी माणसाकडून थुंकी मिळवायला खारट वाफारा द्यावा लागतो. हजारो लोकांवर ते करणं जमत नाही. म्हणून बहुतेक मोठे अभ्यास रक्तावर थांबतात.

आकडेमोड

मोरपीस यांच्या जनुकांच्या मुद्द्यावरून सुचलं. दाह हे कारण नसेल, तर दोघांच्याही मागचं तिसरं कारण बालपणात असू शकतं. जन्मावेळी वजन कमी, आईच्या पोटात असताना धुराशी संबंध, लहानपणी छातीचे संसर्ग, घरातली तंगी: या सगळ्यांनी फुप्फुसं लहान राहतात हे माहीत आहे. यातल्या कित्येक गोष्टी पुढच्या आयुष्यातल्या वाढलेल्या सीआरपीशीही जोडलेल्या आहेत. मग २६ व्या वर्षी नातं दिसणं साहजिकच, कारण त्याची मुळं वयाच्या सहाव्या वर्षाआधीची असतील.

श्वासनोंद

@आकडेमोड, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. सीओपीडी म्हणजे शिखर गाठून मग झपाट्याने घसरणं, असं मी शिकले होते. २०१५ मध्ये तीन मोठ्या गटांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास आला. त्यानुसार सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची घसरण साधारण नेहमीचीच होती. त्यांचं शिखरच ठेंगणं होतं, म्हणजे चाळिशीच्या आतच त्यांचा एफईव्ही-१ कमी होता. माझ्यापुढे बसून ८५ टक्के फुंकणारा पंचविशीचा मुलगा मला म्हणूनच दिसतो तसा ‘नॉर्मल’ वाटत नाही. तो आजारी नाही हे खरंच, पण पुढच्या पन्नास वर्षांच्या उताराला तो खालच्या पायरीवरून सुरुवात करतो आहे. त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि शिखर बदलता येतं. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या फुप्फुसांची वाढ अनेक वर्षं मोजली गेली. जिथे हवेत सूक्ष्म कण जास्त होते तिथल्या मुलांची वाढ कमी पडली. पुढे हवा सुधारली आणि नंतरच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं जास्त वाढली, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अशा सूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. जगातली बहुतेक माणसं त्यापेक्षा वाईट हवा घेतात. दाहाची चर्चा करताना आपण गोळ्या आणि आहाराबद्दल बोलतो आणि हवेबद्दल गप्प बसतो, हे मला फार खटकतं.

मोरपीस

पटलं. पण एका ठिकाणी मी थांबवतो. ‘सगळ्या निरोगी माणसांनी स्पायरोमेट्री करून घ्या’ इथे ही चर्चा जाऊ नये. लक्षणं नसलेल्या प्रौढांची सीओपीडीसाठी सरसकट चाळणी करू नये, ही अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाची शिफारस २००८ पासून आहे आणि २०१६ व २०२२ मध्येही ती कायम राहिली. कारण साधं आहे: आकडा कळून उपचार बदलत नाहीत आणि सीमारेषेवरची निरोगी माणसं उगाच रुग्ण होतात. खालची मर्यादाच अशी ठरवलेली असते की निरोगी लोकांतले पाच टक्के तिच्याखाली जातात.

श्वासनोंद

@मोरपीस, शिफारस मान्य आहे आणि ती आजार शोधण्यापुरती बरोबर आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. रक्तदाब आपण फक्त आजार शोधायला मोजत नाही, माणसाची चाल कळावी म्हणूनही मोजतो. पंचविशीत एक चांगली नोंद असेल तर चाळिशीत तुलना स्वतःशी करता येते, सरासरीशी नाही. ११० वरून ९० वर आलेला माणूस आजच्या पद्धतीत दोन्ही वेळा ‘नॉर्मल’ ठरतो. ही घसरण आपल्या नजरेतून सुटते, आणि ती सुटू नये असं मला वाटतं. यावर आपलं एकमत होणार नाही कदाचित, पण मुद्दा नोंदवून ठेवते.

पाऊलवाट

मग सामान्य माणसाने करायचं काय? श्वसनाचे व्यायाम केल्याने एफईव्ही-१ वाढतो का?

श्वासनोंद

@पाऊलवाट, श्वसनाच्या व्यायामाने श्वासाचे स्नायू बळकट होतात, दम कमी लागतो, शांत वाटतं. ते जरूर करा. पण पूर्ण वाढ झालेल्या निरोगी माणसाचा एफईव्ही-१ त्याने फारसा वाढत नाही.

ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते म्हणजे धूम्रपान सोडणं. श्वासनलिकांत सुरुवातीचा अडथळा असलेल्या हजारो धूम्रपींवर अमेरिकेत आणि कॅनडात दीर्घ अभ्यास झाला. ११ वर्षांच्या हिशेबात, ओढत राहिलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला ६६ मिलिलिटरने घटला. सोडलेल्यांचा घटला ३० ने, म्हणजे कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास. बायकांत हेच आकडे ५४ आणि २२ होते. दुसरं कुठलंही औषध याच्या जवळपास पोचत नाही.

त्यानंतर कंबर. वजन जास्त असलेल्यांनी ते उतरवलं की एफव्हीसी सुधारते आणि सीआरपीही उतरतं. आकडेमोड यांनी सांगितलेली दोन्ही टोकं एकदम सुटतात. हालचाल, चांगली झोप, हिरड्यांची निगा हे त्याच्या जोडीला. हिरड्यांवर उपचार केल्यावर सीआरपी थोडं उतरतं हे दिसलं आहे, पण त्याने फुप्फुसं सुधारतात असं म्हणायला आधार नाही, म्हणून तसं म्हणत नाही.

सांजसावली

शेवटचं एक विचारते. माझी स्पायरोमेट्री करायची ठरली तर काही पथ्य? मागच्या आठवड्यात सर्दी होऊन गेली आहे.

श्वासनोंद

@सांजसावली, मग थोडं थांबा. खोकला-सर्दी पूर्ण गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी या, म्हणजे सीआरपी आणि फुंकर दोन्ही खरी येतील. त्या दिवशी पोट गच्च भरून येऊ नका, घट्ट कपडे नकोत, आदल्या तासाभरात जोरदार व्यायाम नको. नुकती डोळ्याची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सांगा.

तंत्रज्ञ तुम्हाला निदान तीनदा फुंकायला लावेल आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक असला तर आणखी करायला सांगेल. कंटाळू नका, पहिल्या झटक्यात पूर्ण जोर लावा आणि थांबायला सांगेपर्यंत सोडत राहा. अर्धवट फुंकर आणि कमजोर फुप्फुस यांचा आकडा सारखाच दिसू शकतो. फरक आलेखाच्या आकारात कळतो. म्हणून अहवालाबरोबर आलेखही मागून घ्या आणि जपून ठेवा.